बाहुल्यांचा उठावना

माझ्या भावाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मुलगी छोटी बाहुल्यांचा उठावना करून राहिली होती. (हो, आम्ही इंदूरवाले असंच बोलतो, करून राहिली, जाऊन राहिली, पुण्याची मावशी दरवेळी हसते, हसू दे.) उठावना म्हणजे काय हे तिकडच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगते. इकडे तिसऱ्या दिवशी एखाद्या धर्मशाळेत नाहीतर मंदिराच्या हॉलमध्ये सगळे जमतात, पांढऱ्या चादरी, समोर फोटो, अर्धा-पाऊण तास बसायचं, फुलं वाहायची, हात जोडून निघायचं. मूळची पद्धत इकडच्या हिंदी लोकांची, पण चार पिढ्या इथे काढल्यावर आता आमच्या मराठी घरांतही होतो, पेपरात फोटोसकट छापून येतो.

तर छोटीने आजीचे पांढरे रुमाल फरशीवर अंथरले होते, त्यावर सात बाहुल्या, एक अस्वल आणि एक डायनॉसोर रांगेत बसवलेले, समोर बिस्किटाच्या पुड्याला टेकवून एक सिंह ठेवलेला, तो बहुतेक फोटो. आणि ही बाई जाड आवाज काढून एकेका बाहुलीच्या वतीने बोलत होती, "बहुत अच्छे आदमी थे. एकदम अचानक हो गया. बच्चे अभी छोटे हैं." मग स्वतःच्या आवाजात, "चलिए, चाय पी लीजिए."

माझी आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच थिजली. "अगं बाई, काय हे अशुभ, उचल ते सगळं!" म्हणून पुढे झाली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या आईचा हात धरून तिला थांबवलं. म्हटलं खेळू दे तिला. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू हिचंही डोकं फिरलं. तिचा मुलगा जाऊन चौदा दिवस झाले होते, तिला तरी मी काय समजावणार होते.

माझा धाकटा भाऊ जानेवारी 2024 मध्ये गेला. 43 वर्षांचा होता. आदल्या रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (मसाला लावलेला तळलेला कंद) खाल्ले, छोटीचा मसाल्याने लाल झालेल्या जिभेचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला, पहाटे म्हणाला छातीत जड वाटतंय, हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं. मागे भावजय, दहावीतला मुलगा आणि पहिलीतली मुलगी. मुलांची नावं लिहीत नाही कारण मोठा आता सतराचा आहे, हे वाचणार आणि मला फाडून खाणार, तर मोठा आणि छोटी एवढंच.

आईचा हात मी का धरला, त्याच्यामागे एक चष्मा आहे.

1987 साली आमचे आजोबा गेले. मी नऊ वर्षांची, भाऊ सहाचा, तेव्हा आम्ही रामबागेत राहायचो. रविवार होता, सकाळी रामायणाची वेळ, अख्ख्या गल्लीत चिटपाखरू नाही, आणि आम्हा दोघांना कुणीतरी घाईघाईने शेजारच्या काकूंकडे टीव्ही बघायला पाठवून दिलं. आमच्याकडे टीव्ही नव्हता तेव्हा त्यांच्याकडे बसायला मिळणं म्हणजे चैन, पण त्या दिवशी रामायण संपलं तरी घरी जाऊ देईनात. दोन दिवस तिथेच ठेवलं. श्रीखंड-पुरी खायला घातली. कुणी काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर आजोबांची खाट उभी करून भिंतीला लावलेली आणि कोनाड्यात त्यांचा फोटो, हार घातलेला. मी विचारलं आजोबा कुठे, तर आई म्हणाली देवाघरी गेले, जा हातपाय धू. बस. तेवढंच. त्यानंतर त्या विषयावर आमच्याशी कुणीच बोललं नाही, कारण मुलांना काय कळतंय.

आता, शनिवारी दुपारी मी गंमत म्हणून आजोबांचा चष्मा उशीच्या खोळीत लपवला होता. ते शोधत राहिले, चिडले, आणि मी हसत पळाले. रविवारी ते नाहीत. नऊ वर्षांच्या मुलीने दोन आणि दोन चार केले. चष्मा नसल्यामुळे त्यांना देवाघरचा रस्ता चुकला की इकडचा, असं काहीतरी चित्र माझ्या डोक्यात होतं, नीट सांगताही येणार नाही, पण माझ्यामुळे झालं हे पक्कं होतं. मोठी झाल्यावर कळलं की त्यांना लकवा मारला होता, डोक्याने पटलंसुद्धा, तरी कुणाचा चष्मा हरवला की अजून पोटात गोळा येतो.

हे मी जगात कुणाला सांगितलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला भाऊ आणि मी रात्री झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, बघायला उभे होतो. इंदूरच्या मिलच्या कामगारांनी सुरू केलेली ही परंपरा, मिल कधीच्या बंद पडल्या तरी झांक्या निघतातच, आणि त्या येईपर्यंत तीन-तीन तास उभं राहावं लागतं तेव्हा माणसं काहीही बोलतात. तर मी चष्म्याचं सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "ताई, मला तर वाटायचं मी नैवेद्याचा पेढा आधीच खाल्ला म्हणून देवाने आजोबांना नेलं."

आम्ही इतके हसलो की बॅरिकेडजवळचा पोलिस वळून बघायला लागला. एका घरात, एका अंथरुणावर झोपणारी दोन पोरं, दोघंही आपापल्या परीने खुनी, आणि तीस वर्षं एकमेकांना पत्ता नाही. मग बराच वेळ तो गप्प होता. नंतर फक्त म्हणाला, कुणीतरी विचारायला पाहिजे होतं यार.

म्हणून खेळू दे म्हटलं. आणि म्हणूनच त्याच्याच मुलीला विचारायची जबाबदारी माझ्यावर आली.

पण त्याआधी मोठ्या माणसांनी जो घोळ घालून ठेवला होता तो निस्तरायचा होता. पहिल्या दोन दिवसांत घरात येणाऱ्या प्रत्येकाने छोटीला वेगळी गोष्ट सांगितली होती. एक मामी म्हणाल्या बाबा झोपलाय, त्याला उठवायचं नाही. एका आजींनी सांगितलं बाबा लांब गावाला गेलाय. खालच्या मजल्यावरच्या आंटी म्हणाल्या पापा स्टार बन गए. सगळ्यांचा हेतू चांगला, त्यात वाद नाही. परिणाम काय झाला, तर छोटी रात्री झोपेना आणि आईलाही झोपू देईना, भावजयीचा डोळा लागला की ही तिच्या पापण्या वर करून बघायची. दिवसा म्हणायची गावाला गेलाय तर फोन का नाही करत, माझ्यावर रागावलाय का. आणि रात्री गच्चीवर जायचा हट्ट, कुठला तारा ते दाखवा. इंदूरच्या आकाशात धुळीतून चार तारे दिसतात, त्यातला कुठला दाखवायचा?

मी बँकेत नोकरी करते, मानसशास्त्राशी माझा काही संबंध नाही. पण त्या दिवसांत झोप कुणाला येत होती, तर रात्र-रात्र वाचत बसायचे. मारिया नॅगी नावाच्या बाईंनी बुडापेस्टमधल्या 378 मुलांशी मरणाबद्दल बोलून 1948 मध्ये एक अभ्यास छापला होता. त्यात दिसलं की पाच वर्षांच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, गेलेलं माणूस परत येऊ शकतं असं वाटतं, आणि मरण कायमचं असतं हे समजायला बराच वेळ लागतो. नंतरच्या संशोधकांचं म्हणणं की साधारण पाच ते सातच्या मध्ये बऱ्याच मुलांना हे कळायला लागतं, म्हणजे मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काही करत नाही, त्याला दुखत नाही, भूक लागत नाही, हे सगळ्यांचं कधीतरी होतं आणि त्याला काहीतरी खरं कारण असतं. मी हे वाचलं आणि कपाळावर हात मारला. ज्या वयात मूल आधीच झोप आणि मरण यांच्यात गोंधळलेलं असतं, त्याच वयात आपण त्याला सांगतो की बाबा झोपलाय.

चौथ्या दिवशी भावजय आणि मी तिला घेऊन बसलो. भावजयीला बोलता येत नव्हतं, तिने फक्त मांडीवर घेतलं. मी सांगितलं की बाबा मेला. हा शब्द तोंडातून काढायला मला किती त्रास झाला काय सांगू, आपण 'गेला', 'वारला', 'देवाज्ञा झाली' सगळं म्हणतो, 'मेला' म्हणजे शिवी वाटते. पण म्हटलं. बाबाचं हृदय बंद पडलं, डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, ते परत सुरू झालं नाही, हृदय बंद पडलं की शरीर काम करायचं थांबतं, आणि मेलेलं माणूस परत येत नाही. झोपणं वेगळं, झोपेत हृदय चालू असतं, हे बघ तुझं चालू आहे, आईचं ऐक.

तिने आईच्या छातीला कान लावला, बराच वेळ. मग विचारलं, "जाळताना त्याला लागलं नाही?"

माझी तयारी नव्हती. पण हाच तर प्रश्न आहे ना, मोठ्यांनाही पडतो, फक्त आपण विचारत नाही. म्हटलं नाही, मेल्यावर शरीराला काहीच लागत नाही, थंडी नाही, चटका नाही. "मच्छर पण नाही?" मच्छर पण नाही. मग म्हणाली मला मॅगी पाहिजे. आणि मॅगी खाऊन शिनचॅन लावून खदखदा हसली. बाहेर बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं, बिच्चारी, काही कळत नाही तिला. मला वाटलं ओरडून सांगावं की तुमच्यापेक्षा जास्त कळलंय. लहान मुलांचं दुःख असंच असतं, डबक्यात उडी मारल्यासारखं, पाच मिनिटं आत, मग बाहेर, मग तासाभराने परत आत. सलग तेरा दिवस रडत बसायची त्यांची कुवतच नसते आणि ते बरंच आहे.

तेच प्रश्न तिने पुढे महिनाभर विचारले. दहा वेळा, वीस वेळा. शब्दसुद्धा तेच. पहिल्यांदा मला वाटलं समजलं नाही म्हणून विचारतेय, मग लक्षात आलं की उत्तर तेच राहतं का हे ती तपासून बघून राहिली आहे.

माझा प्रश्न मी बाहुल्यांच्या उठावन्यानंतर दोन-तीन दिवसांनी विचारला, वेणी घालताना, कारण वेणी घालताना तोंड पलीकडे असतं. म्हटलं, छोटी, मी लहान असताना माझे आजोबा मेले तेव्हा मला वाटलं होतं माझ्यामुळे झालं, तुला असं काही वाटतं का? ती काही बोलली नाही. दुसरी वेणी अर्धी झाली. मग म्हणाली, "मीच हट्ट केला होता सराफ्याला चल म्हणून. बाबा म्हणत होता थंडी आहे."

सहा वर्षांची पोरगी सोळा-सतरा दिवस हे घेऊन फिरत होती. कंगवा तसाच हातात राहिला माझ्या. मग तिला समोर बसवून सांगितलं की बाबाच्या हृदयाला रक्त देणाऱ्या नळीत अडथळा होता, तो खूप दिवसांपासून असणार, कुणालाच माहीत नव्हतं, बाबालाही नाही, सराफ्याला गेल्याने, गराडू खाल्ल्याने, हट्ट केल्याने, रागावल्याने कुणाचं हृदय बंद पडत नाही. "डॉक्टरला पण माहीत नव्हतं?" डॉक्टरला पण नाही. "मग ठीक आहे," म्हणाली. हे 'मग ठीक आहे' तिच्या बापाचं होतं, अगदी त्याच सुरात.

आणि आई पण मरेल का, हा प्रश्न आला तेव्हा भावजय पटकन म्हणाली नाही गं सोन्या, कधीच नाही. मला ते पटलं नाही पण तेव्हा गप्प बसले. नंतर आम्ही दोघींनी ठरवलं, खोटं वचन द्यायचं नाही. आई तब्येतीने चांगली आहे, खूप खूप वर्षं राहील असं आम्हाला वाटतं, आणि काही झालंच तरी मी आहे, मामा आहे, आजी आहे, तुला कोण सांभाळणार हे ठरलेलं आहे. हे शेवटचं ऐकून ती शांत झाली. मुलांना बऱ्याचदा तेवढंच हवं असतं, उद्या डबा कोण देणार, बसस्टॉपवर कोण येणार.

मोठ्याचं मात्र आमच्याकडून चुकलं. सरळ कबूल करते.

पंधराव्या वर्षी मुलगा उंचीने बापाएवढा असतो म्हणून सगळ्यांनी त्याला मोठा माणूस धरून टाकलं. पंचकुइयाला मुक्तिधामात त्याच्या हातात मडकं दिलं, गुरुजी सांगतील तसं करत जा म्हणाले. तिथे काय काय होणार आहे, काय दिसेल, कवटी फोडायचा विधी असतो, त्याचा आवाज येतो, यातलं एक अक्षर कुणी आधी सांगितलं नव्हतं. नको असेल तर काका करतील, असंही कुणी म्हणालं नाही. लांबच्या एका काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "अब तू घर का बड़ा है, रोना नहीं, मम्मी को संभालना." आणि 'आईला सांभाळ' हे वाक्य त्या आठवड्यात मीही त्याला म्हटलंय. दोनदा तरी.

तो रडला नाही. पाचव्या दिवशी मित्राकडे जाऊन बीजीएमआय खेळत बसला. त्यावरून घरात केवढी कुजबुज, बाप जाऊन आठवडा नाही झाला आणि पोरगा गेम खेळून राहिला आहे, आजकालची मुलं. मला तेव्हा तितकं स्पष्ट दिसलं नव्हतं, आता दिसतं, की त्या चार मित्रांसमोर तो 'बिचारा' नव्हता, तेवढी एकच जागा त्याला उरली होती. शाळेत तर कहरच. परत गेला त्या दिवशी न विचारता वर्गात त्याच्या वडिलांसाठी दोन मिनिटं मौन पाळलं. चाळीस मुलं डोळे किलकिले करून त्याच्याकडे बघतायत आणि तो मधल्या बाकावर उभा. त्यांचा उद्देश वाईट नव्हता. फक्त आधी एक फोन करून विचारायचं होतं की तुला कसं सोपं पडेल, वर्गाला सांगू का, कुणी सांगू, की काहीच नको.

दहावीची बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर होती. भावजयीने एक गोष्ट फार शहाणपणाने केली, तिने त्याच्यावर सोडलं, द्यायची तर दे, नाही तर पुढच्या वर्षी. त्याने दिली. 71 टक्के आले. निकालाच्या दिवशी एक नातेवाईक फोनवर म्हणाल्या, बाबा असता तर नव्वद आले असते. अशा लोकांना मी काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मला त्याच्याशी बोलायचं होतं पण समोरासमोर बसलं की तो मोबाइल काढायचा. मग एक युक्ती सापडली, म्हणजे सापडली कसली, अपघातानेच झालं. रविवारी सकाळी त्याला ॲक्टिव्हावर मागे बसवून पोहे खायला घेऊन जायला लागले. स्कूटरवर दोघांची तोंडं एकाच दिशेला, हेल्मेट घातलेलं, रस्त्याचा आवाज, कुणाच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते दिसत नाही. (अट एकच, चालवणार मी. तो रात्री गुपचूप बापाची ॲक्टिव्हा काढून बायपासपर्यंत जाऊन आला होता, लायसन्सचं वय नाही, हेल्मेट नाही. पोरांचा राग आणि दुःख असंही बाहेर पडतं, पण चावी काढून घ्यावी लागते ती लागतेच.)

पहिले पाच-सहा रविवार फक्त पोहे, जीरावन, जलेबी, क्रिकेट. मी काही विचारलं नाही. एकदा अन्नपूर्णा रोडच्या सिग्नलला उभे असताना मागून आवाज आला, "आत्या, सगळे मला विचारतात आई कशी आहे."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले.

मी बाजूला घेतली गाडी. म्हटलं, तू कसा आहेस? तो म्हणाला माहीत नाही. मग त्याने मडक्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, रात्री तोच आवाज ऐकू येतो म्हणाला. मी काही समजूत घातली नाही कारण घालण्यासारखं काही नव्हतंच, फक्त माफी मागितली की तुला आधी सांगायला पाहिजे होतं, आम्ही सांगितलं नाही. तेव्हा तो रडला. हेल्मेटच्या आत.

यावरून एक सुचतं. आम्हा इंदूरकरांना अहिल्याबाईंचं दुःख तोंडपाठ आहे. कुंभेरच्या वेढ्यात 1754 मध्ये खंडेराव गेले, मल्हाररावांनी सती जाण्यापासून थांबवलं, सगळं शाळेत ऐकलेलं. पण तेव्हा मालेराव आठ-नऊ वर्षांचा होता आणि मुक्ता सहा-एक वर्षांची, त्या दोघांना कुणी जवळ घेऊन काय सांगितलं असेल? मालेराव 1766 मध्ये गादीवर आला आणि वर्षाच्या आत, 1767 मध्ये गेला, आणि त्याच्याबद्दल आपल्याला ऐकायला मिळतात ते त्याच्या विचित्र वागण्याचे किस्से. मी काही इतिहासकार नाही, त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही मला. पण राजवाड्यासमोरून, देवींच्या पुतळ्याजवळून जाताना हल्ली ती दोन पोरं डोळ्यांसमोर येतात.

वर्षश्राद्ध झालं आणि सगळ्यांनी हुश्श केलं. खेडीघाटला नर्मदेवर जाऊन आलो, गोडाचं जेवण झालं, नातेवाईक म्हणाले चला, मुलं सावरली. आणि नेमकं त्यानंतर मोठा ढासळला. कोचिंगला दांड्या, रात्री तीनपर्यंत जागा, जेवण नाही, क्रिकेट बंद, आईशी शब्दाशब्दाला भांडण. आम्हाला कळेना, आता काय झालं, आता तर वर्ष होऊन गेलं.

परत वाचायला बसले. ते दुःखाचे पाच टप्पे असतात म्हणून व्हॉट्सॲपवर फिरतं ना, नकार, राग वगैरे, ते एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटविषयी लिहिलं होतं, मागे राहिलेल्या मुलांविषयी नाही. आमच्या घरात तरी कुठलाही टप्पा क्रमाने आला नाही. जास्त उपयोगी पडलं ते विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन यांचं बॉस्टनमधलं काम, आई किंवा वडील गेलेल्या 70 घरांतली 125 मुलं, 6 ते 17 वयाची, दोन वर्षं त्यांच्याशी बोलत राहिले. त्यात दिसलं की बहुतेक मुलं सावरतात, पण काहींचा त्रास पहिल्या वर्षात दिसतच नाही, दुसऱ्या वर्षात वर येतो, जेव्हा विचारणारे सगळे आपापल्या कामाला लागलेले असतात. दुसरी गोष्ट, मागे उरलेले आई किंवा वडील कसे आहेत यावर मुलाचं बरंच काही अवलंबून असतं. म्हणजे भावजयीला दुपारी दोन तास झोपू देणं, तिच्या बँकेच्या नॉमिनीच्या कागदांच्या रांगेत मी उभं राहणं, हीसुद्धा मुलांचीच मदत होती.

मोठा एकदा म्हणाला, मी नसतो तर काय फरक पडला असता. छोटी 'मला बाबाकडे जायचंय' म्हणायची तेव्हा ती नुसती आठवण होती, विचारलं तर म्हणायची मग संध्याकाळी परत येईन. सतराव्या वर्षाला टेकलेल्या मुलाच्या तोंडचं हे वाक्य वेगळं. मी घाबरले, पण सरळ विचारलं, जीव द्यायचा विचार येतो का मनात. आपल्याकडे समज आहे की विचारलं तर डोक्यात घालून दिल्यासारखं होतं, तसं होत नाही, उलट मुलाला बोलायला वाट मिळते. तो म्हणाला कधीकधी, पण करणार नाही. मी त्याच रात्री टेलीमानसला, 14416 वर फोन लावला, 2022 मध्ये सरकारने सुरू केलेली ही मानसिक आरोग्याची सेवा आहे, चोवीस तास, फुकट, पलीकडच्या बाईंनी पाऊण तास माझ्याशी धीराने बोलून काय काय करायचं ते सांगितलं. घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात गेली, त्याला काही दिवस रात्री एकटं ठेवलं नाही आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. मुलांसाठी 1098 पण आहे. 2022 पासून मानसिक आजार ओळखायला डॉक्टर वापरतात त्या अमेरिकन पुस्तकात लांबलेल्या शोकाला वेगळं नाव आहे, मोठ्यांसाठी वर्ष उलटल्यावर तो विचार करतात, मुलांसाठी सहा महिन्यांनी, म्हणजे 'होईल हळूहळू' म्हणत दोन-दोन वर्षं वाट बघायची गरज नाही. मोठा काउन्सिलरकडे सहा वेळा गेला, मग म्हणाला बस, आता पोहेच बरे. डॉक्टरांनाही ते चाललं. आता झोपतो. क्रिकेट परत सुरू झालंय, बारावीचा अभ्यास मात्र अजून रामभरोसे.

भावाचा मोबाइल नंबर भावजय अजून रिचार्ज करते. छोटी त्यावर व्हॉइस मेसेज पाठवते, आज दात पडला, आज मिस रागावली. सुरुवातीला मला धसका बसला होता की ही मानत नाहीये की काय. तिलाच विचारलं, बाबा ऐकतो का गं? माझ्याकडे अशा नजरेने बघितलं तिने. "आत्या, तो मेलाय ना. मला सांगायचं असतं." पूर्वी तज्ज्ञही म्हणायचे की गेलेल्या माणसाशी नातं तोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, 1996 च्या सुमारास त्यांनी ते बदललं, नातं राहतं आणि राहिलं तरी चालतं म्हणाले. आपल्याकडे पितृपक्ष कधीपासूनचा आहे, आपल्याला हे वेगळं सांगायला नको होतं.

यंदाच्या पितृपक्षात भावाचं पान पहिल्यांदाच मांडलं. मुलांना बाहेर ठेवायचं नाही हे आता आईलाही पटलंय, तिनेच छोटीला हाक मारली, चल, वड्या थापायला ये. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं झालं. पान गच्चीवर न्यायच्या आधी छोटीने त्यावर वरून शेव भुरभुरली. आई म्हणाली अगं श्राद्धाच्या पानावर शेव नसते. छोटी म्हणाली बाबा शेवेशिवाय जेवायचा का? त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. गच्चीवर आम्ही सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे राहिलो. कावळा आला, कठड्यावरून मान वाकडी करून बघितलं, आणि बाकी सगळं सोडून आधी शेव उचलली.

मोठा जिन्यात उभा होता, वर आला नव्हता. तिथूनच म्हणाला, "कुठली ठेवलीस? बाबा लसणाची खायचा."

"आधी सांगायचं ना मग," छोटी म्हणाली आणि डबा आणायला खाली पळाली.